नव्या नोकरीतील कागदाची शिस्त

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी येरवडा येथे केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीचे, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचे ट्रेनिंग घेऊन आम्ही छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली आणि निवृत्त झालो. संगणकाच्या विद्येत आम्ही अनभिज्ञच. तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकरीसंबंधी आम्ही बोलणार, हे ऐकून कित्येकांस हसू आले असेल. परंतु आज ज्या मुलामुलींची नावे येथे पुकारली गेली, त्यांतील बरीच मंडळी संगणकाच्या शाखेकडे निघाली आहेत. त्या वाटेवर पहिल्याच वर्षी कोणती ठेच लागते, हे आम्ही आमच्या घरात पाहिले. आणि त्या ठेचेस आम्ही स्वतःही थोडेबहुत कारण झालो. म्हणून हा विषय.

समारंभ येरवड्यात होत आहे, हाही एक योगच. आमच्या लहानपणी येरवडा म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत : तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. कोणी विक्षिप्तपणा करू लागला की, 'याला आता येरवड्यास धाडा' असे लोक म्हणत. आज तुरुंगाच्या आसपास काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि आपली मुले गळ्यात ओळखपत्र अडकवून तेथे कामास जातात. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या तेथे नोकरीस लागली, तेव्हा गावाकडच्या आमच्या वृद्ध आत्याबाईंनी काळजीने विचारले, "पोरीला येरवड्यास का रे पाठविलीत?" त्यांची समजूत घालता घालता पेढे संपून गेले.

मुलगी हुशार. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तिने तीन मैत्रिणींसह रात्री जागून एक संपूर्ण आज्ञावली तयार केली होती. तिची कल्पना अशी की, नोकरीत दिवसभर हेच करावयाचे. प्रत्यक्षात पहिला आठवडा सह्या करण्यात गेला : गुप्ततेचा करार, सुरक्षिततेचे नियम, मिळालेल्या लॅपटॉपची पोच. त्यानंतर काम सुरू झाले, पण त्या कामाचीही एक ठरलेली रीत होती. प्रत्येक कामास एक क्रमांक असतो, त्यास ती मंडळी 'तिकीट' म्हणतात. तिकिटावर काय बदलावयाचे, का बदलावयाचे आणि कोणी सांगितले, हे लिहिल्यावाचून एका अक्षरासही हात लावावयाचा नाही. बदल केल्यावर तो सहकाऱ्याने तपासावयाचा. त्यास 'रिव्ह्यू' म्हणतात. मग कोणत्या कोणत्या चाचण्या घेतल्या त्यांची यादी. मग वरिष्ठांची मंजुरी. नवी आज्ञावली चालू केल्यावर बिघाड झालाच, तर जुनी पुन्हा कशी आणावयाची, याचीही टाचणी आधीच जोडावयाची. शिवाय शुक्रवारी सबंध आठवड्याच्या तासांचा हिशेब.

दोन महिन्यांत मुलगी वैतागली. पडद्यावरील एक शब्द बदलण्यास नऊ दिवस लागले, त्या दिवशी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "नाना, मी इंजिनिअर झाले की कारकून?"

येथे आमची चूक झाली. आम्ही शिक्षक, कागदांनी आमचाही जीव मेटाकुटीस आलेला. जनगणनेचे तक्ते, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, आणि वर साहेब तपासणीस येणार म्हणून रातोरात भरावयाच्या वह्या. त्या कडवटपणातून आम्ही तीस म्हणालो, "पोरी, एवढे मनास लावून घेऊ नकोस. रकाना भरला की झाले. काहीतरी लिहून टाक, वाचतो कोण?"

वडीलधाऱ्या माणसाने सहज उच्चारलेले वाक्य मुले किती मनावर घेतात, हे छत्तीस वर्षे शिकवूनही आम्ही विसरलो होतो.

पुढची हकीकत सांगण्यापूर्वी हे कागद या धंद्यात आले कोठून, ते सांगणे अवश्य आहे. आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा शिवणकामाचा. गिऱ्हाईक समोर उभे राहते, आपण माप घेतो, आठ दिवसांनी ते येऊन कपडा अंगात घालून पाहते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे, शिवणारे पन्नास, आणि कपडा डोळ्यांस दिसत नाही. अमेरिकेत संरक्षण खात्यास अशी कामे वेळेवर होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, हा अनुभव वारंवार येऊ लागला. म्हणून १९८४ साली त्या खात्याने पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात या विषयाची एक स्वतंत्र संस्था काढली. आय.बी.एम. कंपनीत दीर्घकाळ काम केलेले वॉट्स हम्फ्री हे गृहस्थ तेथे आले. त्यांच्या विचारांतून १९९१ साली एक पंचपायरी मोजमाप प्रसिद्ध झाले. पहिल्या पायरीवर सर्व काही एखाद्या हुशार माणसाच्या मर्जीवर चालते. तो आजारी पडला की काम बंद. वरच्या पायऱ्यांवर कामाची रीत लिहिलेली असते, मोजलेली असते आणि मोजून सुधारलेली असते. आपल्या देशातील कंपन्यांनी १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत मोठ्या हौसेने उचलली. त्याचे कारण उघड आहे. परदेशचे गिऱ्हाईक आपणांस ओळखत नव्हते. ओळख नसलेल्या ठिकाणी विश्वास बसावयाचा तर लेखी रीत दाखवावी लागते. आज आपल्या मुलांस जी नोकरी मिळते, तिच्या पायात या कागदांचेही काही दगड आहेत.

आता मूळ हकीकत. मुलीने आमचा उपदेश मानला. एका विमाविषयक आज्ञावलीत ती किरकोळ दुरुस्ती करीत होती. तेथे तीस एक चमत्कारिक अट दिसली. जन्मतारीख १ जानेवारी १९०० असेल तर वय मोजू नये, ते प्रकरण माणसाकडे पाठवावे, असा त्या अटीचा अर्थ होता. तीस वाटले, सव्वाशे वर्षांचा विमेदार कोठून असणार? हा जुना केरकचरा आहे. तिने ती अट काढून टाकली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, 'किरकोळ साफसफाई'. चाचणीच्या रकान्यात लिहिले, 'तपासले'. तिच्या शब्दावर विसंबून सहकाऱ्यानेही पान उलटले.

वस्तुतः ती तारीख ही तारीखच नव्हती. अनेक वर्षांपूर्वी जुन्या वह्यांतील नोंदी संगणकात घेताना ज्यांची जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांच्यापुढे सोयीसाठी ती घातली होती. नवी आज्ञावली रात्री चालू झाली. यंत्राने त्या सर्वांची वये इमानेइतबारे मोजली आणि सकाळपर्यंत कित्येक विमेदारांस भलत्याच हप्त्याची पत्रे गेली. सकाळी हाहाकार उडाला. परंतु जुनी आज्ञावली पुन्हा कशी आणावयाची, ती टाचणी कागदपत्रांत होती. मुलीने ती केवळ सक्ती म्हणून जोडली होती. तिच्या आधारे वीस मिनिटांत बिघाड थांबला. पत्रे मात्र गेली ती गेलीच. एकेकाची क्षमा मागून दुरुस्त पत्रे पाठवावी लागली.

त्या संध्याकाळी मुलगी आमच्या घरी आली ती राजीनामा लिहूनच. घडल्या प्रकाराचा लेखी अहवाल तीन दिवसांत दे, असे तीस सांगितले होते. तो लिहिण्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असे तिचे म्हणणे. तिच्या शिक्षणासाठी घेतलेल्या बँकेच्या कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते; आमचे बंधू एका कोपऱ्यात मुकाट बसून होते. ती रडत म्हणाली, "नाना, मला काय ठाऊक, ती तारीख खोटी होती म्हणून? तिथे कुणी एक अक्षर तरी लिहून ठेवायचं होतं!"

हे वाक्य ऐकून आमच्या काळजात चर्र झाले. कारण अशी खोटी तारीख आम्ही आमच्या हाताने अनेकांपुढे लिहिली आहे.

या सभेत ज्यांचा जन्मदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, अशी वडील मंडळी निदान पाचपन्नास तरी असतील. हसू नका, ती तारीख आम्हां मास्तरांची देणगी आहे. शाळा जूनमध्ये उघडे. बाप मुलास घेऊन येई. जन्माचा दाखला नाही, तिथी आठवत नाही. मग मास्तर मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानास लावावयास सांगे. बोटे कानास पोहोचली की मूल सहा वर्षांचे, आणि जन्मतारीख १ जून. जनरल रजिस्टरात एकदा शाईने लिहिले की ते कायम.

आमच्या नोकरीच्या आरंभी खाणीवर दगड फोडणाऱ्या एका माणसाने आपला मुलगा असाच आणला. मुलगा हाडापेराने थोराड. आम्ही १ जून लिहिली आणि साल अंदाजाने टाकले. पुढे तो तरुण होऊन सैन्यभरतीस गेला. धावण्यात पहिला, छातीचे माप उत्तम. पण दाखल्यावरून वय काही महिन्यांनी जास्त ठरले. त्याची आई शपथेवर सांगे की, पोर पुढच्या वर्षीच्या दिवाळीतले. तो दाखला हातात घेऊन तो आमच्याकडे आला. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातील जन्मतारीख बदलून घेणे किती कठीण असते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. आमच्याच अक्षरातील ती नोंद. तिच्या पुढे 'अंदाजे' एवढा एक शब्द, आणि अंदाज कशावरून केला ती एक ओळ असती, तर त्याच्या बाजूने बोलावयास काही आधार तरी राहिला असता. तो आधार आम्ही ठेवला नव्हता. तो आज रिक्षा चालवितो. रस्त्यात भेटला की 'गुरुजी' म्हणून वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस फार जड जातो.

ही हकीकत आम्ही घरात कोणासही सांगितली नव्हती. त्या रात्री मुलीस सांगितली आणि म्हणालो, "बाळ, 'वाचतो कोण' असे मी तुला सांगितले, ते चुकले. वाचणारा पुढे येतो. तो येतो तेव्हा आपण तेथे नसतो, एवढेच."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने राजीनाम्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि अहवाल लिहावयास बसली.

त्या अहवालाची रीत आम्हांस फार आवडली. त्यात 'कोणी केले' हा प्रश्नच नव्हता. काय घडले, केव्हा कळले, कशामुळे शक्य झाले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, एवढेच प्रश्न. आमच्या शाळाखात्यात अशा प्रसंगी पहिला प्रश्न 'जबाबदार कोण' हा असे. म्हणून जो तो कागद लपवी. येथे मुलीने आपले दोन्ही रकाने जसेच्या तसे उतरवून दिले. तिच्या वरिष्ठांनी ते वाचून म्हटले, "ती अट ज्याने प्रथम लिहिली, त्यानेही कारण लिहिले नव्हते. चूक दोघांची, आणि तपासणाऱ्याची तिसरी." नोकरी राहिली. ती अट पुन्हा बसविली गेली. आणि या वेळी तिच्या डोक्यावर तीन ओळींत कारणही लिहिले गेले.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातूनही हेच घडले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपीय राष्ट्रांचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्यांदाच आकाशात झेपावले आणि सुमारे चाळीस सेकंदांत मार्ग सोडून फुटले. आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियन-४ वरून तसाच उचलला होता. जुन्या बाणाच्या वेगाची संख्या त्यातील जागेत मावत असे. नव्याचा वेग अधिक, ती संख्या मावेना. चौकशी मंडळास काय आढळले पाहा. त्या संख्येस संरक्षण न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. परंतु त्याचे कारण आज्ञावलीत जागच्या जागी लिहिलेले नव्हते, आणि कागदपत्रांच्या प्रचंड ढिगाऱ्यात ते बाहेरून तपासणाऱ्याच्या दृष्टीस पडण्यासारखे राहिले नव्हते. म्हणजे कागद कमी नव्हते, उलट उदंड होते. हवा तो शब्द हव्या त्या ठिकाणी मात्र नव्हता.

म्हणूनच कागद म्हटला की तो पवित्रच, असे आम्ही म्हणणार नाही. या धंद्यातील जाणत्यांनाही कागदांचा वीट आला होता. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा प्रांतात सतरा जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. भरमसाट कागदपत्रांपेक्षा चालणारी आज्ञावली अधिक मोलाची, असा त्यातील एक मुद्दा आहे. आपली तरुण मंडळी तेवढेच वाक्य पाठ करतात. पण कागदपत्रांस किंमतच नाही, असे त्या सतरा जणांनी म्हटलेले नाही. किंमत आहे, परंतु दुसऱ्या गोष्टीची अधिक आहे, असे त्यांनी तेथेच स्पष्ट केले आहे. आमच्या मुलीनेही पुढे वर्षअखेरीस एक तक्ता शोधून काढला. तो दर आठवड्यास भरला जाई आणि त्यातील सर्व माहिती तिकिटावर आधीच असे. तो कोण वाचतो याची तिने तीन ठिकाणी चौकशी केली. कोणीच वाचीत नव्हते. तिने रीतसर अर्ज केला आणि तो तक्ता बंद झाला. कागदाविरुद्धची तक्रारही कागदावरच करावी लागली, आणि ती यशस्वी झाली, याची तीस मोठी मौज वाटली.

जिवंत कागद कसा असतो, याचे उदाहरण याच येरवड्यात आहे. येथील डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत भाषेच्या महाकोशाचे काम आरंभिले. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून विद्वानांनी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो कोठे आला त्या ग्रंथाचे स्थळ आणि संदर्भ. पहिला खंड १९७६ पासून बाहेर पडू लागला, आणि काम अद्याप चालू आहे. ज्यांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांपैकी कितीतरी जण आज हयात नाहीत. तरी त्यांची चिठ्ठी हातात घेऊन आजचा संपादक पुढचे पान लिहितो. चिठ्ठीवर स्थळ लिहिण्याचा ज्याने कंटाळा केला असता, त्याचे सारे वाचन त्याच्याबरोबरच संपले असते.

आणि इतके दूर तरी कशास जावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी मापाची वही होती. आमच्या वडिलांची आमच्याजवळ अजून आहे. गिऱ्हाइकाचे नाव, उंची, छाती, बाही, आणि शेजारी टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा. एका दिवाळीच्या तोंडावर वडील विषमज्वराने अंथरुणास खिळले. तेव्हा आमच्या चुलत्यांनी त्या वहीवरून सारे कपडे शिवून वेळेवर दिले. एका मापापुढे वडिलांनी लिहिले होते, 'डावा खांदा उतरता'. नुसते आकडे असते तर तो कोट त्या गृहस्थांच्या अंगावर कधीच बसला नसता. मापाचे आकडे काय करावे ते सांगतात. शेरा का करावे ते सांगतो. आपले वाडवडील फारसे शिकलेले नव्हते, परंतु ही गोष्ट त्यांस कळत होती. आमची मुलगी ती वही पाहून म्हणाली, "नाना, आजोबांनी प्रत्येक तिकीट नीट भरलंय!"

नव्याने नोकरीस लागणाऱ्या मुलामुलींस आमचे अनुभवाचे चार बोल असे. पहिले सहा महिने हात चालविण्याचे नसून डोळे उघडे ठेवण्याचे समजा. कोणताही तक्ता हाती आला की, तो पुढे कोण आणि कधी वाचणार, हे नम्रपणे विचारा. उत्तर मिळाले तर तो त्या वाचणाऱ्यासाठी लिहा, न मिळाले तर रीतसर तक्रार करा. मात्र खोटा भरू नका. आज केलेल्या कामाचे कारण आजच लिहा, चार दिवसांनी ते आपले आपल्यासच आठवत नाही. दुसऱ्याने लिहिलेली विचित्र अट दिसली तर तो मूर्ख होता असे समजण्यापूर्वी, त्यास काय ठाऊक होते जे आपणांस नाही, असा प्रश्न करा. न तपासता 'तपासले' असे कधीही लिहू नका. तो शब्द म्हणजे सही आहे. अलीकडे यंत्रेच आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत, असे ऐकतो. तसे असेल तर तपासणाऱ्याच्या सहीचे मोल वाढलेच म्हणावयाचे.

पालकांसही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कामास कंटाळून घरी आली, तर आमच्यासारखा सवंग उपदेश करू नका. तिचे म्हणणे ऐका, आणि आपली एखादी चूक आठवत असेल तर ती सांगा. आमच्या चांगल्या कामांच्या कथा तिने अनेकदा ऐकल्या होत्या. उपयोगी पडली ती चुकीची कथा.

शेवटी एकच. आज मंडळाने या मुलांस जी प्रशस्तिपत्रे दिली, त्यांवर नाव आणि तारीख घालण्यापूर्वी चिटणीसांनी ती आमच्याकडे तपासण्यास दिली होती. आम्ही प्रत्येक नाव शाळेच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहिले आणि मगच 'तपासले' असे लिहून खाली सही केली. दोन नावांत चूक सापडली, ती दुरुस्त केली. खाणीवरच्या त्या मुलाचे साल आता बदलता येणार नाही. पण यापुढे आमच्या हातून जे लिहिले जाईल, ते तपासलेले असेल.